ताठरतेची गोळी घेताना या चुका टाळा

दुकानातली गर्दी ओसरेपर्यंत माणूस खोकल्याच्या औषधांचे खोके न्याहाळत उभा राहतो. मग पुढे येऊन मोबाइलमधला फोटो दाखवतो, "भाऊ, ही द्या. शंभर मिलिग्रॅमचीच." मेडिकलच्या काउंटरमागे इतकी वर्षं काढल्यावर लिंगाला ताठरता यावी म्हणून गोळी मागणारं असं गिऱ्हाईक लांबूनच ओळखू येतं. त्या घाईत विचारायचं राहून जातं आणि पुढचे घोटाळे तिथून सुरू होतात.

सगळ्यात जास्त कानावर येणारी तक्रार म्हणजे "गोळी लागूच पडली नाही". कधी घेतली म्हणून विचारावं, तर मटणाचं जेवण, दोन पेग, वर गोळी, आणि पंधरा मिनिटांत काही झालं नाही म्हणून झोपून गेले. तेलकट-तुपकट जेवणावर सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) घेतली की ती रक्तात उतरायला तासभर उशीर होतो. ती रिकाम्या पोटी किंवा हलकं खाऊन, साधारण एक तास आधी घ्यायची. टॅडालाफिल या ताठरतेच्या दुसऱ्या गोळीला जेवणाची अडचण नाही आणि तिचा असर ३६ तासांपर्यंत राहू शकतो. दोन्हींच्या बाबतीत एक गोष्ट सारखीच: गोळी खाऊन टीव्हीसमोर बसलं तर काही होणार नाही. मनात इच्छा आणि जवळ स्पर्श असेल तेव्हा लिंगात रक्त भरायला ती मदत करते, इतकंच तिचं काम. हे कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून किती जण एका रात्रीत "आपलं संपलं" असं मानून खचतात! वेगवेगळ्या दिवशी सहा-आठ वेळा नीट घेऊन पाहिल्याशिवाय ती निकामी ठरवू नका. एकाच रात्री दुसरी गोळी तर मुळीच नको. आणि तो शंभरचा हट्ट सोडा. डॉक्टर बहुधा ५० मिलिग्रॅमपासून सुरू करतात, पासष्टी उलटलेल्यांना २५ पासून.

आता ज्या चुकीची मला खरी भीती वाटते ती. एकदा एक काका शर्टाच्या खिशातून जुनी स्ट्रिप काढून दाखवत होते, तिच्याबरोबर आणखी एक छोटी स्ट्रिप काउंटरवर पडली. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी! दोन्ही एकाच खिशात. मी काकांना आत खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, ही दोन औषधं एका शरीरात जाऊ द्यायची नाहीत. दोन्ही रक्तवाहिन्या सैल करतात, एकत्र आली की बीपी इतकं कोसळतं की जीव जाऊ शकतो. आयसोसॉर्बाइड, नायट्रोग्लिसरीन अशी नावं तुमच्या औषधांत असतील तर ताठरतेची गोळी तुमच्यासाठी नाही. याची उलटी बाजूही तितकीच वाईट. रात्री गुपचूप गोळी घेतली, पहाटे छातीत कळ आली, घरच्यांनी घाबरून जिभेखालची गोळी दिली. सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टॅडालाफिलनंतर ४८ तास ती द्यायची नसते, पण हे बायकोला आणि कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना कळणार कसं? त्यांना सांगा. लाज वाटली तरी सांगा. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू असेल तर तेही सांगा, त्यातही चक्कर येऊन पडायची भीती असते.

"आयुर्वेदिक आहे, अपाय नाही" म्हणून एसटी स्टँडवरच्या जाहिरातीतल्या कॅप्सूल घेणारेही येतात. अशा कित्येक पुड्या-कॅप्सूलमध्ये तपासणीत चक्क सिल्डेनाफिल सापडलंय, डब्यावर मात्र त्याचा पत्ता नसतो. हृदयरोग्यासाठी हा वर सांगितलेलाच धोका. जाणत्या वैद्याकडे जरूर जा, पण बिननावाची पुडी नको. जिममधल्या ओळखीने टेस्टोस्टेरॉनचं, म्हणजे पुरुषी हार्मोनचं, इंजेक्शनही घेऊ नका. सकाळच्या रक्ततपासणीत ते खरोखर कमी निघालं तरच त्याचा विचार होतो, आणि मूल हवं असेल तर त्याने शुक्राणू घटतात.

माझं कळकळीचं सांगणं मात्र तपासण्यांबद्दल आहे. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात, म्हणून अडथळ्याची खूण बरेचदा तिथे आधी दिसते, हृदयाचा त्रास सुरू होण्याच्या काही वर्षं आधी. नुसती गोळी घेत राहिलात तर ही सूचना वाया गेली. साखर, बीपी, कोलेस्टेरॉल बघून घ्या. गोळीने जमलं नाही तरी व्हॅक्यूम पंप, लिंगात द्यायचं इंजेक्शन, शस्त्रक्रियेने बसवायचं इम्प्लांट असे उपाय युरोलॉजिस्टकडे आहेत. पंपाबरोबर लिंगाच्या मुळाशी चढवायची रिंग अर्ध्या तासात काढायची. आणि कोणत्याही औषधाने ताठरता चार तासांहून जास्त राहिली तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं.

डॉक्टरांसमोर तोंडातून शब्द फुटत नसेल, तर त्या काकांनी केलं तसं करा. चालू औषधांची नावं एका कागदावर लिहिली, खाली एक ओळ घातली, "ताठरता येत नाही, आठ महिने झाले", आणि चिठ्ठी शुगरच्या रिपोर्टवर ठेवून पुढे सरकवली.