पावसाळ्यात पोट सुटलेली गिटार

जुलैत माझ्या महोगनी गिटारच्या तारा बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या कांबीवर) चांगल्या ४ मिलिमीटर वर आल्या. बोटं सोलवटली. नेक म्हणजे मान वाकली समजून तिच्या आतली सळई, ट्रस रॉड, पिळणारच होतो, पण आधी पट्टी आडवी धरून पाहिलं: तारा खाली जिथे अडकतात त्या ब्रिजमागचं लाकूडच फुगलेलं. दादरच्या घरात भिंतीला टेकवून ठेवलेली, ओलावा ८५ टक्के. ती तरी काय करणार! केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या नि ओलावा मोजणारा छोटा हायग्रोमीटर ठेवला, आकडा पन्नाशीच्या आसपास राखला. तीन आठवड्यांत तारा अडीचवर.

लाकडावर चढलेली बुरशी मात्र मी मूर्खासारखी पॉलिशने घासली. मंद चमकेच्या सॅटिन फिनिशचा तेवढाच तुकडा आता टकलासारखा चकाकतो. हल्ली फक्त किंचित ओलं मऊ कापड, लगेच कोरडं.