जुन्या लढाऊ कुऱ्हाडीचे मूळ आणि वय कसे ओळखावे

मराठवाड्यातल्या काही जुन्या वाड्यांत खंडेनवमीला तलवारींच्या शेजारी एखादी कुऱ्हाडही पूजेला मांडली जाते, आणि ती अमुक लढाईत वापरली गेली, अशी हकिकत घरातली वडीलधारी माणसे सांगतात. ही हकिकत जपावी, शक्य तर लिहूनही ठेवावी. परंतु कुऱ्हाड कुठली आणि किती जुनी, याचा पुरावा तिच्या लोखंडातच शोधावा लागतो, आणि तो शोधताना नक्षीकडे सर्वांत शेवटी वळावे, असे माझे ठाम मत आहे. नक्षी कधीही चढवता येते. नेढे (दांडा बसवायचे भोक), पात्याची जाडी आणि लोखंडाचा पोत मात्र सहसा पहिल्या घडणीचेच राहतात.

तपासणीआधी कुऱ्हाड मुळीच घासू नये. चिंच, लिंबू किंवा पॉलिश पेपर लावला की जुन्या लोखंडावरचा काळपट तपकिरी थर निघून जातो, आणि वयाचा सर्वांत विश्वासार्ह साक्षीदार त्याच्याबरोबर नाहीसा होतो. पूजेचे हळदकुंकू आणि पाणी मऊ कापडाने टिपून घ्यावे, एवढेच पुरे.

पहिला प्रश्न असा, की ही लढाईची कुऱ्हाड आहे की लाकूडतोडीची. बाभळी तोडायची कुऱ्हाड पाचरीसारखी असते: धारेपासून नेढ्याकडे ती वेगाने जाड होत जाते, वजनाला भारी असते, आणि घणाचे घाव सोसून तिची पाठ बहुधा चेपलेली असते. लढाईच्या कुऱ्हाडीचे पाते पातळ आणि रुंद असते, कारण ती एका हाताने फिरवून चटकन मागे घ्यायची असे. घिसाडी समाजाचे कारागीर आजही रस्त्याकडेला भाता लावून उत्तम कुऱ्हाडी घडवतात, त्यामुळे हातघडण दिसली म्हणून वस्तू जुनी ठरत नाही. तिसराही एक प्रकार लक्षात ठेवावा. देवापुढे ठेवण्याचे परशू पितळी किंवा पातळ पत्र्याचे असतात आणि त्यांना कधी धारच लावलेली नसते; रेणुका आणि परशुराम यांच्या माहूर परिसराचा विचार करता, हा प्रकार आपल्याकडे घरात सापडणे स्वाभाविक आहे.

आता आकार पाहावा. चंद्रकोरीसारखे पाते असलेल्या कुऱ्हाडीला फारसी परंपरेत तबर म्हणतात. ती इराणपासून मुघल आणि दख्खनी सैन्यांपर्यंत सर्वत्र होती, म्हणून केवळ चंद्रकोर पाहून प्रांत सांगता येत नाही. कावळ्याच्या चोचीसारखे टोकदार हत्यार म्हणजे जाघनोल, आणि एका बाजूला पाते व दुसऱ्या बाजूला चोच असेल तर तबर-जाघनोल. धातूच्या दांड्याचे टोक पिळून पाहावे, कारण काही भारतीय तबरांच्या पोकळ दांड्यात आट्यांवर बसवलेली लहान सुरी दडवलेली असते. सुरीसारखे पाते दांड्याच्या टोकाला सरळ बसवलेले असून मुळाशी हत्तीचे मस्तक असेल, तर ती भुज, म्हणजे कच्छ आणि सिंधकडची वस्तू होय. मराठवाड्यात सापडली म्हणून वस्तू मराठवाड्यातच घडली, असे समजू नये. इथे दिल्ली, अहमदनगर, मुघल आणि हैदराबाद यांच्या फौजा आलटून पालटून राहिल्या, निजामाच्या चाकरीत अरब आणि रोहिले होते, तर राजपूत सरदारांच्या छावण्यांची आठवण छत्रपती संभाजीनगरातील कर्णपुरा हे नावच देते.

वयासाठी लोखंडाचा पोत भिंगाखाली पाहावा. जुन्या भट्टीच्या लोखंडात मळीच्या (लोखंड काढताना आत राहिलेल्या कचऱ्याच्या) बारीक, तंतूंसारख्या रेषा दिसतात आणि गंज त्या रेषांच्या दिशेने चढतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मिळू लागलेले कारखान्याचे पोलाद एकजिनसी दिसते. धारेजवळ निराळ्या रंगाची पट्टी असेल, तर मऊ लोखंडात कडक पोलाद जोडल्याची ती खूण आहे. ग्राइंडरचे समांतर ओरखडे आणि वेल्डिंगचा जाड सांधा अर्वाचीन काम उघड करतात. आम्लाने चढवलेला गंज भगवा, भुसभुशीत आणि सगळीकडे सारखा असतो. खरा जुना थर गडद असतो आणि नेढ्याच्या आत जास्त दाट आढळतो. लाकडी दांड्यावरून मात्र वय काढू नये, कारण तो वापरात अनेकदा बदलला जातो.

पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी रेघ असेल, तर ते मुशीत वितळवलेले पोलाद असू शकते. नांदेडला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यातील कोनासमुद्रम त्यासाठी प्रसिद्ध होते आणि तिथला माल इराणी व्यापारी घेऊन जात. म्हणजेच पोलाद दख्खनचे आणि घडण इस्फहानची, असे घडू शकते; धातूचे मूळ आणि हत्याराचे मूळ वेगळे नोंदवावे.

अंक कोरलेले असतील, तर सन कोणता हे ठरवल्याशिवाय वर्ष सांगू नये. 1250 हा आकडा हिजरी मानला तर इसवी सन 1834, दख्खनी फसली (महसुली सन) मानला तर 1840, शुहूर (जुन्या मराठी कागदपत्रांतला अरबी सन) मानला तर 1849 आणि शक मानला तर 1328 येतो. लिपी, भाषा आणि अक्षरांची घडण यांवरून यांतला एक निवडावा. सोन्याचांदीच्या तारा आडव्यातिडव्या ओरखड्यांवर ठोकून केलेली कोफ्तगारी एकोणिसाव्या शतकात प्रदर्शनांसाठी आणि साहेबांच्या दिवाणखान्यांसाठी भरपूर झाली. इराणमध्ये काजार राजवटीतही अतिशय नक्षीदार, पण लढायला निरुपयोगी तबर बनले. झळाळी जितकी अधिक, तितकी शंका अधिक घ्यावी.

शेवटी मोजमापे, वजन आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे घेऊन संग्रहालयातल्या जाणकारांना वस्तू दाखवावी. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातील शस्त्रदालन तुलनेसाठी उपयोगी आहे. कुऱ्हाड जमिनीत सापडली असेल, तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही, हे विकत घेऊ इच्छिणाऱ्यालाही आधीच सांगावे.