संसदेचा आठवडा नागपुरातून कसा गाठायचा

विधिमंडळाचं कामकाज कसं चालतं हे नागपूरकरांना डिसेंबरात घरबसल्या कळतं. यशवंत स्टेडियमवरून मोर्चा निघतो, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर किंवा टेकडी रोडवर अडवला जातो, शिष्टमंडळ निवेदन घेऊन आत जातं आणि विषय तापलेला असेल तर त्याच दिवशी सभागृहात निघतो. या सवयीमुळे अनेक संघटना केंद्राचा विषयही तसाच हाताळतात. लोकसभेचं अधिवेशन सुरू झालं की खासदारांच्या कार्यालयात निवेदन देतात आणि ‘या आठवड्यात प्रश्न विचारा’ म्हणतात. तोपर्यंत त्या आठवड्याच्या प्रश्नांची मुदत कधीच संपलेली असते. म्हणून आधी कॅलेंडर समोर ठेवायचं, मग निवेदनाला हात घालायचा.

विषय कोणाच्या दारात जातो

ज्या बाबीशी भारत सरकारचा प्रामुख्याने संबंध नाही, ती लोकसभेच्या प्रश्नात स्वीकारली जात नाही. शहरातला रस्ता, महापालिकेचं पाणी, जिल्हा परिषदेची शाळा हे विषय आमदारांकडे न्यायचे. केंद्राचा विषय असला तरी खातं नेमकं हवं. संत्र्याचंच घ्या. बागेवरचा रोग आणि पीक विमा कृषी मंत्रालयाकडे, बांगलादेशाने वाढवलेलं आयात शुल्क वाणिज्य मंत्रालयाकडे. दोन्ही एकाच कागदावर लिहिलं की कागद दोन मंत्रालयांमध्ये फिरत राहतो.

रेल्वेच्या बाबतीत नागपुरात हमखास होणारी एक चूक आहे. शहरात दोन रेल्वे विभाग आहेत. नागपूर जंक्शन आणि अजनी मध्य रेल्वेत येतात, म्हणजे झोनचं मुख्यालय मुंबई. इतवारी, कामठी आणि छिंदवाडा मार्ग दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत, मुख्यालय बिलासपूर. इतवारीच्या फलाटाबद्दल विचारताना मध्य रेल्वे असं लिहिलं, तर ‘अशी बाब नाही’ एवढंच उत्तर येऊ शकतं आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरही ठरतं.

आठवड्याची चौकट

दोन अधिवेशनांमध्ये ६ महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडू नये, हे राज्यघटनेच्या अनुच्छेद ८५ मध्ये आहे. प्रत्यक्षात अर्थसंकल्पी, पावसाळी आणि हिवाळी अशी तीन अधिवेशनं होतात. तारखा सरकार सुचवतं आणि राष्ट्रपती सभागृहाला बोलावतात. कोणत्या विधेयकाला किती तास द्यायचे हे कामकाज सल्लागार समिती ठरवते. लोकसभेत या समितीत अध्यक्ष धरून १५ सदस्य असतात. पक्षांना बोलायला मिळणारा वेळ त्यांच्या संख्याबळावर वाटला जातो.

लोकसभा साधारणपणे सोमवार ते शुक्रवार, सकाळी ११ ते संध्याकाळी ६ चालते आणि मध्ये १ ते २ जेवणाची सुट्टी असते. ११ ते १२ प्रश्नोत्तराचा तास. त्यानंतर पटलावर कागदपत्रं ठेवली जातात, समित्यांचे अहवाल येतात आणि शून्य प्रहर, म्हणजे सदस्यांनी ताजे विषय मांडण्याची वेळ, सुरू होतो. विधेयकं बहुधा दुपारनंतर. राज्यसभेत क्रम उलटा आहे : आधी शून्य प्रहर आणि प्रश्नोत्तरं १२ वाजता. थेट प्रक्षेपण बघायला बसणाऱ्यांची यात नेहमी चुकामूक होते.

पुढच्या आठवड्याचा अंदाज घ्यायचा असेल तर शुक्रवार सोडू नका. आठवड्याच्या शेवटच्या बैठकीत संसदीय कार्य मंत्री पुढच्या आठवड्याचं सरकारी कामकाज वाचून दाखवतात. तुमच्या विषयाशी संबंधित विधेयक त्यात असेल, तर खासदारांना टिपण देण्यासाठी शनिवार-रविवार मिळतो. मात्र ते निवेदन म्हणजे पक्कं वेळापत्रक नव्हे. पक्का कागद म्हणजे त्या-त्या दिवसाची कामकाज पत्रिका, आणि तीही सुधारून पुन्हा निघू शकते. सुधारित पत्रिका आली आहे का, हे सकाळी एकदा बघूनच फोन करा.

प्रश्नाचे दिवस उलटे मोजा

प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. ‘पूर्ण दिवस’ म्हणजे सूचना दिल्याचा दिवस आणि उत्तराचा दिवस, दोन्ही सोडून. हिशेब करून बघा. २०२५ चं हिवाळी अधिवेशन १ ते १९ डिसेंबर होतं. बुधवार, १७ डिसेंबरला उत्तर हवं असेल तर मधले १५ दिवस म्हणजे २ ते १६ डिसेंबर. सूचना देण्याचा शेवटचा दिवस १ डिसेंबर, म्हणजे अधिवेशनाचा पहिलाच दिवस. १९ तारखेच्या शेवटच्या बैठकीसाठीही मुदत ३ डिसेंबरला संपते. राज्याचं अधिवेशन ८ डिसेंबरला नागपुरात सुरू झालं आणि शहराला अधिवेशनाची आठवण झाली, तेव्हा लोकसभेतल्या प्रश्नांची दारं पाच दिवसांपूर्वीच बंद झाली होती. संसदेचं हिवाळी अधिवेशन आणि आपलं अधिवेशन जवळपास एकाच वेळी येतं, त्यामुळे हा घोटाळा दरवर्षी होऊ शकतो. संसदेच्या हिवाळी अधिवेशनाची तयारी दिवाळीच्या आसपास सुरू करा.

दुसरी अट वाराची. मंत्रालयांचे पाच गट पाडलेले असतात आणि प्रत्येक गटाला आठवड्यातला एक वार दिलेला असतो. वाणिज्य मंत्र्यांचा वार असेल त्याच वारी संत्र्याच्या निर्यातीचा प्रश्न येणार. तीन आठवड्यांच्या अधिवेशनात एका मंत्रालयाला तीनच वार मिळतात. त्यात सुट्टी आली किंवा पहिल्या दिवशी श्रद्धांजली वाहून सभागृह तहकूब झालं, की दोनच उरतात. अर्थसंकल्पी अधिवेशनात राष्ट्रपतींच्या अभिभाषणाच्या आणि अर्थसंकल्पाच्या दिवशी प्रश्नोत्तराचा तास नसतो, तेही वजा करा. गटांचा आणि सूचनांच्या तारखांचा तक्ता सचिवालय अधिवेशनाआधी काढतं. खासदारांच्या दिल्लीतल्या स्वीय सहायकाकडून तो मागून घ्या.

तिसरी गोष्ट सोडतीची. लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात, राज्यसभेत १५ आणि १६०. कोणाचा प्रश्न वर लागेल हे सोडतीने ठरतं. तारांकितला तोंडी उत्तर मिळतं आणि उपप्रश्न विचारता येतात, म्हणून सगळ्यांना तारांकितच हवा असतो. आमचा सल्ला वेगळा आहे. आकडे हवे असतील तर अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराचा प्रश्न मागा. तासाभरात २० पैकी मोजक्याच तारांकित प्रश्नांपर्यंत सभागृह पोचतं, बाकीच्यांची उत्तरं लेखीच येतात. गोंधळात तास वाहून गेला तरी लेखी उत्तर पटलावर येतंच आणि संसदेच्या संकेतस्थळावर त्याच दिवशी वाचायला मिळतं. एकाच खासदारावर अवलंबून राहू नका. रामटेक आणि विदर्भातल्या इतर मतदारसंघांचे खासदार, शिवाय विदर्भातले राज्यसभा सदस्य, अशा तिघा-चौघांकडे वेगवेगळ्या शब्दांत प्रश्न दिले तर एखादा तरी सोडतीत निघण्याची आशा वाढते. मंत्री असलेले खासदार प्रश्न विचारत नाहीत, हे यादी करतानाच लक्षात ठेवा.

मसुदा

प्रश्न साधारण १५० शब्दांच्या आत हवा. त्यात युक्तिवाद, आरोप, विशेषणं चालत नाहीत. न्यायालयात असलेली बाब, आधी उत्तर दिलेला प्रश्न, सहज मिळणाऱ्या प्रकाशनात असलेली माहिती, हे सगळं नाकारलं जातं. ‘संत्रा उत्पादकांवर होत असलेल्या घोर अन्यायाकडे सरकार किती दिवस दुर्लक्ष करणार?’ हे वाक्य मोर्चाच्या फलकावर शोभतं, पण प्रश्न म्हणून ते दारातच अडतं. त्याच विषयाचा टिकणारा मसुदा असा :

वाणिज्य आणि उद्योग मंत्री पुढील बाबींचा खुलासा करतील काय : (अ) गेल्या पाच वर्षांत बांगलादेशाला झालेली संत्र्याची निर्यात वर्षनिहाय किती टन व किती रुपयांची आहे, (आ) या काळात त्या देशाने संत्र्यावरील आयात शुल्कात केलेल्या बदलांचा तपशील काय आहे, (इ) शुल्क कमी व्हावे यासाठी शासनाने कोणत्या तारखांना पाठपुरावा केला, (ई) इतर देशांत निर्यात वाढवण्यासाठी दिलेल्या साहाय्याचा राज्यनिहाय तपशील काय?

प्रत्येक उपभागात एकच गोष्ट विचारली आहे आणि प्रत्येकाला आकडा, तारीख किंवा यादी लागते. ‘तारखांना’ हा शब्द मुद्दाम आहे. नुसता ‘पाठपुरावा केला का’ विचारलं तर ‘होय’ म्हणून सुटका होते.

‘माहिती गोळा केली जात आहे आणि पटलावर ठेवली जाईल’ असं उत्तर आलं तर फाईल बंद करू नका. ते आश्वासन ठरतं. ते ३ महिन्यांत पुरं करायचं असतं आणि त्यावर आश्वासन समितीची नजर असते. उत्तराची तारीख आणि प्रश्न क्रमांक लिहून ठेवा, पुढच्या पत्रात तोच क्रमांक कामी येतो. उत्तर अर्धवट असेल तर अर्ध्या तासाची चर्चा मागता येते. त्यासाठी ३ दिवस आधी सूचना द्यावी लागते; राज्यसभेत तिच्यावर आणखी दोन सदस्यांच्या सह्याही लागतात. लोकसभेत ती सोमवार, बुधवार, शुक्रवारी ठेवता येते.

मुदत हुकली तर

शून्य प्रहर हा त्या दिवसाचा ताजा विषय मांडण्यासाठी असतो, पण मंत्र्यांनी तिथे उत्तर दिलंच पाहिजे असं बंधन नाही. लोकसभेच्या कामकाज नियमांतल्या नियम ३७७ खालची सूचना त्याहून उपयोगी पडते. मजकूर २५० शब्दांपर्यंत, एका सदस्याला आठवड्यातून एकदा, आणि मंत्रालयाकडून नंतर लेखी उत्तर येतं. खासदारांना तयार मजकूरच द्या, शब्द मोजून. शुक्रवारची दुपार अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांच्या कामकाजाची असते : शेवटचे अडीच तास, एका आठवड्यात सदस्यांची विधेयकं आणि दुसऱ्या आठवड्यात ठराव. तातडीच्या कामासाठी तो रस्ता नाही.

सत्रसमाप्ती झाली, म्हणजे अधिवेशन औपचारिकपणे संपवलं गेलं, की विधेयक मांडण्याच्या सूचना सोडून बाकीच्या प्रलंबित सूचना रद्द होतात. मागच्या अधिवेशनात दिलेली सूचना अजून उभी आहे असं समजून थांबलात तर पुढचं अधिवेशनही हातचं जातं.

समित्यांचं कॅलेंडर

आमच्या मते संघटनेने सर्वाधिक वेळ इथे घालावा. मंत्रालयांचं काम तपासणाऱ्या, विभागांशी संलग्न २४ स्थायी समित्या आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य : २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे. मंत्री सदस्य नसतात. मुदत एक वर्षाची. २०२४ मध्ये या समित्या सप्टेंबरच्या शेवटी नेमल्या गेल्या. नेमणूक झाल्यावर समिती वर्षभराचे विषय निवडते, आणि विषय सुचवायचा तो याच वेळी. यादी ठरल्यावर नवा विषय घुसवणं फार अवघड जातं.

अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत सभागृह बंद असतं, पण समित्यांची सर्वाधिक धावपळ तेव्हाच असते, कारण मंत्रालयांच्या अनुदान मागण्या, म्हणजे खर्चासाठी मागितलेल्या रकमा, त्यांना तपासायच्या असतात. त्या दिवसांत स्थानिक निवेदन पाठवू नका. अपवाद एकच : मागण्यांमधल्या एखाद्या तरतुदीवर तुमच्याकडे नेमका आकडा असेल तर. छिंदवाडा मार्गावरच्या एखाद्या कामासाठी तरतूद झाली आणि ती खर्चच झाली नाही, असं कागदोपत्री दाखवता येत असेल तर एक पान सदस्यांना नक्की द्या.

बैठकीची तारीख समितीचे सभापती ठरवतात, सचिवालय विषयासह सूचना काढतं. अधिवेशन चालू असतानाही बैठका होतात, पण सभागृहात मतदान पुकारलं गेलं की बैठक थांबवून सदस्यांना मतदानाला सोडावं लागतं. गणसंख्या, म्हणजे बैठकीला किमान हजर हवेत ते सदस्य, एक तृतीयांश, म्हणजे ३१ पैकी ११. साक्षीला दिल्लीला बोलावणं आलं असेल तर परतीचं तिकीट त्याच संध्याकाळचं काढू नका, दुसऱ्या दिवशीचं काढा. बैठक तासाभराने पुढे सरकणं नेहमीचंच आहे.

एखाद्या विषयावर किंवा विधेयकावर समिती जाहिरात देऊन निवेदनं मागवते. मुदत बहुधा १५ दिवसांची असते आणि निवेदन इंग्रजी किंवा हिंदीत मागितलेलं असतं. मराठी निवेदन लिहून झाल्यावर भाषांतराला चार दिवस धरा. पहिल्या पानावर मागण्या, आकड्यांसह, क्रमांक घालून. विधेयक असेल तर कोणत्या कलमात कोणता शब्द बदलायचा ते लिहा. प्रत्यक्ष साक्ष द्यायची तयारी असेल तर तसं स्पष्ट नमूद करा. ते लिहिलं नाही तर बोलावणं सहसा येत नाही.

एक खबरदारी इथे फार महत्त्वाची आहे. समितीला दिलेलं निवेदन समितीच्या दप्तराचा भाग होतं आणि गोपनीय राहतं. बैठकाही बंद दाराआड होतात. निवेदन पाठवल्याच्या उत्साहात ते जसंच्या तसं वर्तमानपत्राला देणं किंवा व्हॉट्सॲप गटावर टाकणं हा हक्कभंगाचा विषय होऊ शकतो. लोकांसमोर मांडायचं असेल तर वेगळं पत्रक काढा.

समित्या अभ्यासदौऱ्यावरही निघतात. वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय आणि दोन रेल्वे विभागांची कार्यालयं नागपुरात असल्यामुळे कोळसा किंवा रेल्वेच्या समितीला इथे कारण असतं. दौऱ्यातली चर्चा अधिकाऱ्यांशी ठरलेली असते, दारात उभं राहून वेळ मिळत नाही. आठवडाभर आधी समिती सचिवालयाला आणि विदर्भातल्या समिती सदस्याला दोन पानांचं टिपण पाठवा, म्हणजे अधिकाऱ्यांना विचारायच्या प्रश्नांत तुमचा प्रश्न बसवता येतो.

अहवाल सभागृहात मांडला गेल्यावर शिफारशींवर काय केलं, हे सरकारने ३ महिन्यांत समितीला कळवायचं असतं. त्या उत्तरांवर समिती पुन्हा कृती अहवाल काढते. तुमच्या मुद्द्याचा शिफारस क्रमांक शोधा, ३ महिने मोजून ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, आणि त्यानंतरच्या पहिल्या अधिवेशनासाठी त्या क्रमांकाचा उल्लेख असलेला अतारांकित प्रश्न १५ पूर्ण दिवसांचा हिशेब धरून तयार ठेवा.