फवारणीचं विष चढलं? या चुका टाळा

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २०च्या आसपास माणसं गेली. त्यानंतर मास्क-हातमोज्यांवर भाषणं पुष्कळ झाली. पण पेशंट दवाखान्यात आणल्यावर नातेवाईक ज्या चुका करतात, त्या दर पोळ्यानंतर त्याच.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे लाळ थांबली की विष उतरलं असं समजणं.

मोनोक्रोटोफॉससारखं ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं फवारणीचं औषध रिसेप्टर, म्हणजे नसेचा निरोप घेणारी पेशीवरची जागा, अडवत नाही. नसेतून निघालेलं ॲसिटिलकोलीन हे निरोप नेणारं रसायन रिसेप्टरवर बसतं आणि काम झालं की एक एन्झाइम त्याला तोडतं. विष त्या एन्झाइमलाच निकामी करतं. मग ॲसिटिलकोलीन साचतं, रिसेप्टरला उसंत मिळत नाही आणि लाळ, घाम, बारीक बाहुल्या, छातीत घरघर सुरू होते. आम्ही टोचतो ते ॲट्रोपिन म्हणजे एसटीच्या सीटवर टाकलेला रुमाल. सीट अडते, बसलेलं कोणीच नसतं. विष अंगात तसंच. शिवाय या रिसेप्टरच्या दोन जाती. हा रुमाल लाळ, घाम, बाहुल्या, छाती यांच्याकडच्या मस्कॅरिनिक रिसेप्टरवरच पडतो. हातपाय, मान, श्वास यांच्या स्नायूंवरचे रिसेप्टर निकोटिनिक. तिथं ॲट्रोपिनचं काही चालत नाही.

एका तरण्या पोराचा काका दुसऱ्या दिवशी म्हणे, "सिस्टर, थुंक बंद झाली ना आता. सुट्टी द्या, सोयाबीन सोंगाचं हाय." मी नाही म्हटलं, डॉक्टरांनी नाही म्हटलं. सही करून घेऊन गेले. रात्री परत आणला तेव्हा पोराला उशीवरून मान उचलता येत नव्हती, श्वास वरवरचा. विष चढल्यावर २४ ते ९६ तासांत स्नायू असे ढिले पडू शकतात. व्हेंटिलेटरवर ठेवला, वाचला. सोयाबीन शेजाऱ्यांनी सोंगलं. माझ्या वॉर्डात आता कोणी सुट्टी मागितली की मी आधी पेशंटला मान उचलायला लावते.

पेशंट बडबडतो, चादर ओढतो म्हणून "इंजेक्शननं येडा झाला" असं भांडू नका. ॲट्रोपिन मेंदूतल्या रिसेप्टरवरही बसतं. डोस किती ठेवायचा ते डॉक्टर बघतात.

दूध, तूप, लिंबूपाणी काही पाजू नका. शुद्ध हरपत असेल तर ते फुप्फुसात जातं.

भिजलेले कपडे तसेच ठेवून गाडीत घालणं ही दुसरी हमखास चूक. हे विष कातडीतून आत जात राहतं. कपडे काढा, साबणानं अंग धुवा, धुणाऱ्यानं हातात पिशव्या तरी घाला. पण त्यात तास घालवू नका.

फवारताना खर्रा नको. औषधाचा हात थेट तोंडात जातो. वर तंबाखूतलं निकोटिन ॲसिटिलकोलीनच्याच रिसेप्टरवर बसतं, सुपारीतलं अरेकोलीनही. "खर्रा असला की वास लागत नाही" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, बेसिन दाखवते.

आणि डबा आणा. "निळ्या झाकणाचं होतं" यावर इलाज ठरत नाही. इमिडाक्लोप्रिड हे दुसऱ्या गटातलं कीटकनाशक त्या एन्झाइमला हात लावत नाही, स्वतःच निकोटिनिक रिसेप्टरवर बसतं. ॲट्रोपिन त्याच्यावरचा उतारा नाही. दोन औषधं मिसळली असतील तर दोन्ही डबे आणा, लेबलासकट.