डीए पॉलिशर पहिल्यांदा हातात घेताय? आधी दोन फूटच करा

काळी नाहीतर गडद निळी गाडी उन्हात लावली की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसतात ना, ते स्वर्ल मार्क्स. बहुतेक वेळा ते पुसण्यानेच पडतात, सोसायटीत एकाच बादलीत एकच फडकं बुचकळून पाच-सहा गाड्या पुसल्या जातात, मग त्यात अडकलेली धूळ पॉलिश पेपरचंच काम करते. वॅक्सने ते थोडे दिवस झाकले जातात, जात नाहीत. घालवायचे तर क्लिअरकोटच, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, थोडा घासावा लागतो, आणि तो असतो साधारण 40-50 मायक्रॉन, केसाहून पातळ, एकदा गेला की गेला. म्हणून माझं कळकळीचं सांगणं एवढंच, की जेवढ्या कमी घासण्यात भागतंय तेवढंच घासा.

डीए म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर, त्यात पॅड स्वतःभोवती फिरतो आणि शिवाय हलतोही, त्यामुळे एका जागी उष्णता कमी साठते, नवीन माणसाने रोटरीच्या, म्हणजे पॅड नुसता जागच्या जागी फिरवणाऱ्या मशीनच्या, वाटेला जाऊच नये.

गाडी शाम्पूने नीट धुवा, मग हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून फिरवा, खरखर लागली तर क्ले बार (चिकटलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी वडी) मारा. रबर आणि काळ्या प्लास्टिकवर मास्किंग टेप लावा, नाहीतर सुकलेलं पांढरं पॉलिश तिथून काढताना जीव जातो. काम सावलीत, पत्रा हाताला गार लागला पाहिजे.

आता बॉनेटवर टेपने दीड-दोन फुटांचा चौकोन आखा. मऊ फोम पॅड आणि बारीक पॉलिशनेच सुरुवात, थेट कटिंग कंपाउंड, म्हणजे जास्त घासणारं जाडसर पॉलिश, नको. पॅडवर मटाराएवढे चार-पाच थेंब, पॅड आधी पत्र्याला टेकवा मगच मशीन चालू करा, नाहीतर सगळीकडे शिंतोडे. मशीनचा वेग एक-दोन नंबरवर ठेवून पॉलिश पसरवून घ्या, मग चार-पाचवर, आधी आडवं मग उभं, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढलेला, आणि हात हळू, सेकंदाला इंचभर, इथे सगळ्यांची घाई होते आणि मग म्हणतात मशीन कापतच नाही. बॅकिंग प्लेटवर (पॅड ज्या चकतीला चिकटतो तिच्यावर) मार्करने एक रेघ मारून ठेवा, रेघ फिरताना दिसली पाहिजे, थांबली तर दाब जास्त झालाय किंवा पॅड तिरका धरलाय.

चार पास, म्हणजे पूर्ण चौकोनावरून चार फेऱ्या, झाले की मायक्रोफायबरने पुसा, वर पाणी मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल मारून पुन्हा पुसा, कारण पॉलिशमधलं तेल ओरखडे लपवतं आणि आपण उगाच खूश होतो. टॉर्च तिरका धरून बघा. अजून दिसतायत? तर आधी फक्त पॅड बदला, एक पायरी कडक घ्या, तरीही नाही जमलं तर कंपाउंड. पॅड आणि पॉलिशची जी जोडी तिथे चालली तीच पूर्ण गाडीला, दोन-दोन फूट करत, दर चौकोनानंतर पॅड ब्रशने साफ.

कडा आणि बॉडीलाइनवर रंग पातळ असतो, तिथे दाब अजिबात नको. बंपर प्लास्टिकचा, लवकर तापतो, मधेमधे हात लावून बघत जा. नख अडकतंय असा ओरखडा सोडून द्या, त्याच्या मागे लागलात तर क्लिअरकोट संपेल पण ओरखडा राहील.

झालं की त्याच दिवशी सीलंट किंवा वॅक्स लावा, आणि पॅड लगेच धुवा, आत वाळलेलं कंपाउंड पुढच्या गाडीवर नवे ओरखडे पाडतं.