अर्धा चेहरा पिवळा, अर्धा निळा: घरातल्या पोर्ट्रेटच्या रंगाचा प्रश्न असा सुटला

आजीच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी घरीच फोटो काढत होतो. खिडकीकडचा गाल निळसर, दुसरा बल्बच्या उजेडात हळद लावल्यासारखा, आणि एकूण चेहरा काळवंडलेला. ऑटो व्हाइट बॅलन्सने (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून उजेडानुसार रंग जुळवणारी कॅमेऱ्यातली सेटिंग) रंग दर फोटोला बदलला. त्यातला बल्बचा प्रीसेट (तयार पर्याय) लावला तर खिडकीची बाजू आणखी निळी पडली. समोरून फ्लॅश मारला, तर नऊवारीचे काठ चकाकले आणि चेहरा सपाट झाला. दोन संध्याकाळी फुकट गेल्या.

शेवटी सकाळी जमलं. आधी घरातले सगळे दिवे बंद केले, देवघरातला छोटा एलईडीसुद्धा (नथीवरचा पिवळा ठिपका त्याचाच होता). खिडकीवर पातळ पांढरा पडदा ओढला. खुर्ची खिडकीपासून तीनेक फुटांवर, तिरकी ठेवली. खिडकी पाठीशी आली की चेहरा काळा पडतोच. दुसऱ्या बाजूला थर्माकोलची शीट उभी केली. तिने सावली उजळली आणि पोपटी भिंतीची हिरवी झाकही अडवली.

मग आजीच्या गालाजवळ ग्रे कार्ड (रंगाची झाक नसलेलं करडं कार्ड) धरून कस्टम व्हाइट बॅलन्स घेतला, म्हणजे त्या कार्डावरून कॅमेऱ्याला रंग जुळवायला लावला. साधा झेरॉक्सचा कागद वापरू नका, त्यातल्या पांढरेपणा वाढवणाऱ्या द्रव्यामुळे तो निळसर असतो आणि फोटो पिवळट येतो. शेवटी मॅन्युअल मोड, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल), चेहऱ्यावर स्पॉट मीटरिंग (फक्त तेवढ्या ठिपक्याचा उजेड मोजणं): आयएसओ ८००, एफ/२.८, शटर १/१२५. मीटर सगळं मध्यम करडं धरतो; आजी गोरी, म्हणून मीटरपेक्षा पाऊण स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त दिला. सावळ्या चेहऱ्याला उलट थोडा कमी लागतो.

ढग आला की शटर बदला, आणि व्हाइट बॅलन्सही पुन्हा घ्या.