मॉरिशसच्या पाहुण्याचं खानदेशातलं गाव कसं शोधायचं

मॉरिशसहून कुणी आलं आणि ‘आमचे खापरपणजोबा खानदेशातले’ म्हणालं, तर लगेच गाडी काढू नका. तिकडे गेलेले बरेचसे मराठी गिरमिटिये (करारावर नेलेले मजूर) रत्नागिरी-सातारा बाजूचे. आधी कागद बघा.

1834 ते 1910 या काळात साडेचार लाखांवर मजूर मॉरिशसला उतरले. त्यांच्या नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. प्रत्येक मजुराला नंबर होता. घरातल्या जुन्या जन्म-लग्नाच्या दाखल्यांवरून मागं जात पाहुण्याने तो काढावा. नोंदीत बापाचं नाव, वय, जात, जहाज, जिल्हा, गाव मिळतं. गावाच्या रकान्यात नुसतं ‘मुंबई’ असलं तर शोध बहुधा तिथंच थांबतो.

आडनावावर भिस्त ठेवू नका. कारकुनाने नुसतं नाव टिपलं, पुढे तेच आडनाव झालं. घरात ‘पाटील’ ऐकून असतील तरी उपयोग शून्य. खानदेशात पाटील कुठे नाहीत? जातीपुढचं ‘मराठा’सुद्धा कधीकधी फक्त मराठी मुलखातला एवढंच सांगतं.

जिल्हा जुना धरा. ‘कँडीश’ म्हणजे खानदेश, पण 1869 पूर्वीच्या नोंदीत मालेगाव, बागलाण, नांदगावही त्यातच. पूर्व-पश्चिम फाळणी 1906 ची, नंदुरबार जिल्हा 1998 चा.

खरी गोची गावाच्या नावात. रोमन लिपीत ‘ड’चा ‘र’ होतो, ‘ळ’चा ‘ल’. शिवाय माणूस अहिराणीत बोलला असेल तर ‘ळ’चा ‘य’: धुळ्याचं धुये, जळगावचं जयगाव. म्हणून पयासखेडे दिसलं तर पळासखेडे शोधा, आणि तेही एकच नसतं. पिंप्री, वडगाव तर ढिगाने. खुर्द-बुद्रुकसकट सगळी यादी करा, मग शेजारच्या गावाचा किंवा तालुक्याचा उल्लेख मिळतो का ते बघून छाटा.

दोन-तीन गावं उरली की तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाच्या (गाव नमुना 14, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूची नोंदवही) नकलेसाठी अर्ज करा. गेलेला माणूस त्यात बहुधा नसतोच. बापाच्या नावावरून मागं राहिलेल्या भावांची पोरं शोधायची. जुनी पानं मोडी लिपीत असतात, वाचणारा सोबत न्या. आडनाव कळलं की नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या (यात्रेकरूंच्या घराण्यांची नोंद ठेवणाऱ्या पुरोहितांच्या) वह्या बघा. गाव आणि आडनाव सांगितल्याशिवाय त्या उघडून फायदा नाही.

भाऊबंद गाठायचे तर श्रावणात, कानबाईच्या (खानदेशातल्या देवीच्या सणाच्या) रविवारी. रोट, म्हणजे तिचा प्रसाद, भाऊबंदांतच खातात, त्यामुळे बाहेरगावी गेलेलेही येतात आणि कोण कुणाचा हे म्हातारी माणसं पटापट सांगतात. मात्र पाहुण्याला सातबाऱ्यात नाव लावायचं नाही, हे बसल्याबसल्याच सांगून टाका. जमिनीची शंका आली की वंशावळ कुणालाच आठवत नाही.